बल्बला जेवण पोचत नव्हतं

गेल्या पावसाळ्यात चतुर्थीची खरेदी करून बेळगावहून गोव्याला परत येत होतो, मागच्या सीटवर आई आणि बायको, दोघींच्या मधे कपड्यांच्या पिशव्या, आणि निघायला नेहमीप्रमाणे उशीर कारण खडेबाजारातून आईला वेळेवर बाहेर काढणं अजून आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही. जांबोटीपर्यंत ठीक होतं. कणकुंबी सोडली आणि धुकं असं खाली बसलं की बॉनेटच्या पुढे रस्ता आहे की दरी हे अंदाजानेच ठरवायचं. चोर्ला घाट ज्यांनी ऑगस्टमधे रात्री उतरलाय त्यांना जास्त सांगायला नको. माझी गाडी पंधरा वर्षांची म्हातारी हॅचबॅक, तिचे हेडलाइट म्हणजे दोन काजवे, डिपरवर, म्हणजे खालच्या उजेडावर टाकले की ते पेटलेत की नाही हे समोरच्या दगडाला धडकल्यावरच कळावं असे. काच खाली करून कडेची पांढरी पट्टी बघत बघत उतरलो, अंजुण्याच्या धरणापर्यंत आई रवळनाथाला हाका मारत होती, आणि केरीला रस्त्यावरचे दिवे दिसल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं की उद्याच्या उद्या हे लाइट बदल नाहीतर मी परत तुझ्या गाडीत बसणार नाही.

आईने सांगितलं म्हणून नाही, मला पण हौस होतीच. दोन दिवसात एचआयडीचं, म्हणजे झेनॉन लाइटचं किट घेऊन आलो. दुकानाचं नाव सांगत नाही, त्यांचा तरी काय दोष, मीच जाऊन "सगळ्यात जास्त उजेडाचं द्या" म्हटलं. ३५ वॅटचं, ६००० केल्विनचं, दोन बॅलास्ट (बल्बला वीज पुरवणारे डबे), दोन बल्ब आणि वायरींचा एक गुंता. दुकानातल्या मुलाने अर्ध्या तासात बसवून दिलं, बॅलास्ट चक्क टायने बांधून लोंबकळत ठेवले, आणि स्विच दाबला तेव्हा आधी निळसर फडफड मग हळूहळू पांढरा शुभ्र उजेड असा काही आला की मी पैसे देताना घासाघीस करायला विसरलो.

हे किट काम कसं करतं ते थोडक्यात सांगतो कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. साध्या हॅलोजन बल्बमधे टंगस्टनची तार तापते आणि उजेड देते. झेनॉनमधे तारच नसते, दोन टोकांच्या मधे ठिणगीचा जाळ पेटलेला असतो, तो पेटवायला बॅलास्ट क्षणभर २०,००० व्होल्टच्या वरचा झटका देतो आणि एकदा पेटला की मग साधारण ८५ व्होल्टवर चालू ठेवतो. म्हणून त्या वायरींना चालू असताना हात लावायचा नाही, हे गंमतीत सांगत नाहीये. उजेडाचा हिशोब बघा, आपला साधा एच४ हॅलोजन बल्ब डिपरला १००० लुमेन (उजेडाचं माप) आणि अप्परला, म्हणजे लांबच्या उजेडाला १६५० च्या आसपास देतो, आणि हे ३५ वॅटवाले चांगले असले तर ३००० पर्यंत जातात. वॅट कमी, उजेड तिप्पट. हे वाचून कुणाचं डोकं फिरणार नाही?

तीन दिवस मी हवेत होतो. चौथ्या रात्री माशेलला घरी आलो, गाडी अंगणात लावली, लाइट चालूच होते, आणि शेजारचे काका व्हरांड्यातून ओरडले, "आरे, तुज्या लायटीन आतां रातचेय नाल्ल पाडूं येता मरे!" मी वर बघितलं. त्यांच्या कुंपणापलीकडचा माड, चांगला उंच, त्याची चुडतं खालपासून टोकापर्यंत उजळलेली, नारळाचे घोस मोजता येत होते, तयार कुठला आणि कोवळा कुठला ते पण कळत होतं. आणि खाली गाडीच्या पुढे पाच-सात पावलांवर जमीन? ठीकठाक. म्हणजे मी पैसे मोजून रस्त्यावर नाही, काकांच्या माडावर उजेड पाडत होतो. आणि लाइट त्या वेळी डिपरवर होते!

मग मी त्या बल्बबद्दल वाचायला बसलो, जे आधी करायला हवं होतं. एच४ बल्ब जवळून बघितलाय का कधी? आत दोन तारा असतात, आणि डिपरच्या तारेच्या खाली एक छोटीशी धातूची वाटी असते, चमच्याच्या टोकाएवढी. ती वाटी रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडूच देत नाही, कारण त्या खालच्या भागावर पडलेला उजेड वर उसळतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. सगळी करामत मिलिमीटरची आहे, तार नेमकी कुठे आणि वाटी नेमकी कुठे, त्यावरून आमचा तो खोलगट आरसा घडवलेला असतो. आता त्या जागी तुम्ही तारेऐवजी जाळाचा गोळा बसवला, त्याचा आकार वेगळा, जागा थोडी इकडेतिकडे, वर अप्पर-डिपरसाठी तो चुंबकाने पुढेमागे सरकतो, तर आरसा बिचारा काय करणार, मिळेल तो उजेड मिळेल तिकडे फेकणार. ज्या गाड्यांना कंपनीतूनच झेनॉन येतात त्यांना पुढे भिंग असतं, आत उजेड कापणारा पडदा असतो, गाडी मागून दबली तर लाइट आपोआप खाली करणारी मोटर असते. आमच्याकडे यातलं काहीच नाही, आमच्याकडे टायने बांधलेला बॅलास्ट.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की आमोण्याच्या पुलावर समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर का मारत होता. मला वाटायचं पुढे पोलीस आहेत. एकाने तर स्कूटर कडेला थांबवून डोळ्यांवर हात धरलेला, मागे त्याची बायको मूल घेऊन बसलेली, आणि मी त्याच्या बाजूने आरामात निघून गेलो. तो माणूस अजून आठवतो. मोटर वाहन नियमांमधे १०६ नंबरचा नियम आहे, त्यात अगदी मापं देऊन लिहिलंय, लाइटपासून ८ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या, जमिनीपासून दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना उजेड लागता कामा नये. दीड मीटर. माझा माडाच्या शेंड्याला लागत होता.

आणि ज्याच्यासाठी एवढं केलं त्या पावसात तर हे लाइट अजिबातच कामाचे नाहीत. ६००० केल्विन म्हणजे निळ्याकडे झुकणारा पांढरा. ओल्या काळ्या डांबरावर हा उजेड पुढे पुढे सरकतो आणि परत येतच नाही, आणि धुक्यात टाकला की समोर धुतलेली चादर वाळत घातल्यासारखं दिसतं. शिवाय रेडिओ. आकाशवाणी पणजी लावलं की लाइट चालू केल्या केल्या खरखर सुरू, बाबा म्हणाले बातम्या ऐकायच्या असतील तर अंधारात चालव. शेवटी सप्टेंबरमधल्या एका धुवांधार रात्री डाव्या बॅलास्टमधे पाणी गेलं आणि तो लाइट फडफडत फडफडत गेला. एकडोळी गाडी घेऊन घरी आलो, समोरच्यांना मोटरसायकल वाटत असणार.

दुसऱ्या दिवशी फोंड्याला एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, सगळे त्यांना भाई म्हणतात, खनिजाचे ट्रक जोरात चालायचे त्या काळापासून ट्रकांच्या वायरिंगचं काम केलेला माणूस. मी सगळी कथा सांगितली आणि म्हटलं भाई, चांगल्या कंपनीचं किट सुचवा. त्यांनी किटकडे बघितलंसुद्धा नाही. जुने हॅलोजन बल्ब आहेत का विचारलं, डिकीत होते, ते परत लावायला सांगितलं, इंजिन चालू, लाइट चालू, आणि खिशातून मल्टिमीटर काढला ज्याच्या वायरींना इतकी टेप होती की वायर कमी आणि टेप जास्त. बॅटरीवर लावला, १४.१. मग हेडलाइटच्या मागे हात घालून बल्बच्या पिनांना टोकं टेकवली आणि मीटर माझ्याकडे फिरवला. ११.६.

"बल्बाचें कांय चुकना रे," भाई म्हणाले, "ताका जेवण पावना."

अडीच व्होल्ट वाटेतच गायब. आणि हे बघायचं ते लाइट चालू ठेवूनच, बल्ब काढून नुसता प्लग मोजला तर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि तुम्ही खूष होऊन घरी जाता, कारण करंट वाहिल्याशिवाय व्होल्टेज पडतच नाही. नळाचं तसंच आहे ना, सगळे नळ बंद असताना प्रेशर मस्त असतं.

आता अडीच व्होल्ट म्हणजे काय मोठंसं असं मला वाटलं होतं, पण हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, तो धाडकन पडतो, साधारण ३.४ च्या घाताने. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड जवळजवळ ३० टक्के कमी. माझ्या ११.६ वर बल्ब निम्म्यावर आला होता. म्हणजे काजवे म्हणून मी ज्यांना नावं ठेवली ते बल्ब बिचारे अर्धपोटी काम करत होते.

आणि जातं कुठे, तर जुन्या गाडीत बॅटरीतून निघालेला करंट फ्यूज बॉक्समधून आत येतो, स्टिअरिंगखालच्या त्या काडीसारख्या स्विचपर्यंत जातो आणि परत पुढे हेडलाइटपर्यंत फिरतो. बारीक वायर, लांब वाट. डिपरचे ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून नऊ-दहा अँपियर ओढतात. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चार मीटर धरली तर तिच्यातच ०.७ व्होल्ट खर्च होतात, वर पंधरा वर्षं ठिणग्या खाऊन काळे पडलेले स्विचचे कॉन्टॅक्ट, आणि प्रत्येक जोडावर थोडा थोडा टोल. भाईंनी बल्बचा प्लग काढून दाखवला, एका बाजूला प्लास्टिक भाजून चॉकलेटी झालेलं. मग बॉडीला जिथे अर्थिंगची वायर बोल्टने आवळलेली असते तो बोल्ट सोडवला, आणि आत हिरवं निळं पीठ, अगदी पोफळींना मारायच्या मोरचुदासारखं. आपली हवा खारी, चार महिने पाऊस, तांबं दुसरं काय करणार.

उपाय म्हणजे रिले. भाई म्हणाले मी करून देतो पण दोन आठवडे थांब, मी म्हटलं मला शिकवा मीच करतो, तर त्यांनी एका सिगारेटच्या पाकिटावर आकृती काढून दिली, ती अजून माझ्याकडे आहे. रिले म्हणजे एक स्विच जो दुसऱ्या छोट्या करंटने दाबला जातो. चार पिना. ३० वर बॅटरीतून थेट जाड वायर, ८७ वरून बल्बला, आणि ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं, त्यांना जुन्या प्लगमधून करंट द्यायचा. कॉइलला लागतात १५०-२०० मिलिअँपियर, म्हणजे तो थकलेला स्टिअरिंगचा स्विच आता फक्त बोट दाखवायचं काम करतो, ओझं उचलायचं काम रिले करतो. एक रिले डिपरला, एक अप्परला. वायर २.५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची लवचिक, घराच्या भिंतीत घालतात ती एकेरी कडक तार चालत नाही, हादऱ्यांनी मोडते. प्रत्येक रिलेला २० अँपियरचा फ्यूज, आणि तो फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, हे भाईंनी तीनदा सांगितलं. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, बल्बला नाही, आणि फ्यूजच्या आधीची वायर जर कुठे पत्र्याला घासली तर तिला वाचवायला कोणीच नाही, गाडी पेटते.

रविवारी सकाळी आंब्याखाली गाडी घेतली आणि बसलो. लग्स, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या पट्ट्या, दाबून बसवायचा पक्कड मित्राकडून आणला, सोल्डर मुद्दाम टाळलं, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी बरोबर तिथेच तुटते. पिवळी-काळी इन्सुलेशन टेप पण नाही, एप्रिल-मेच्या उकाड्यात तिचा गोंद वितळून हाताला लागतो, त्याऐवजी हीट श्रिंक (तापवलं की आवळून बसणारी नळी) आणि वर ती रेघारेघांची काळी नळी. नळीचा आणखी एक फायदा म्हणजे उंदीर, पावसाळ्यात इंजिनच्या उबेला येऊन बसतात आणि वेळ जात नाही म्हणून वायरी खातात.

अकरा वाजेपर्यंत डाव्या बाजूचा डिपर तयार झाला, उजवा बल्ब अजून जुन्याच प्लगमधे होता. जुन्या प्लगमधली डिपरची वायर घेऊन ८६ ला जोडली, ८५ बॉडीला अर्थ केला, सिगारेटच्या पाकिटाप्रमाणे. बॅटरी जोडली. स्विच बंद होता, आणि डावा लाइट भक्कन पेटला. स्विच चालू केला, विझला. परत बंद केला, पेटला. बायको चहा घेऊन आली होती, ती म्हणाली छान झालंय, दिवसा चालू रात्री बंद. सगळ्या वायरी परत तपासल्या, सगळं बरोबर. शेवटी भाईंना फोन लावला. पलीकडे आधी हसणं ऐकू आलं आणि मग, "कॉमनाचेर प्लस आसा तें. मीटर लायलो तुवें?"

नव्हता लावला. झालं असं की बऱ्याच गाड्यांत स्विच प्लसच्या बाजूला असतो, पण काही जपानी पद्धतीच्या वायरिंगमधे उलटं असतं, बल्बच्या कॉमन, म्हणजे दोन्ही तारांच्या सामाईक पिनवर कायम प्लस, आणि स्विच मायनसच्या बाजूला, म्हणजे तुम्ही लाइट लावता तेव्हा डिपरची वायर अर्थ होते. माझी गाडी त्यातली. स्विच बंद असताना उजव्या बल्बच्या तारेतून प्लस फिरून त्याच डिपरच्या वायरीवर येत होता आणि माझ्या रिलेला जागा करत होता, स्विच चालू केला की ती वायर अर्थ, रिले झोपला. उपाय दोन मिनिटांचा, ८५ ला बॉडीवरून काढून जुन्या प्लगच्याच कॉमनला जोडला. कॉइलची दोन्ही टोकं जुन्या प्लगमधूनच घेतली तर गाडी कुठल्याही पद्धतीची असो, चालतं. हे पाकिटावर नव्हतं, आता मी पेनने लिहून ठेवलंय.

बल्बच्या बाजूचं अर्थिंग मात्र बॉडीवर सोडलं नाही, जाड वायर थेट बॅटरीच्या मायनसला नेली. जुना अर्थिंगचा बोल्ट पण पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, आवळला आणि वरून व्हॅसलिन थापलं. रिले बसवताना पिना खाली, म्हणजे पाणी आलं तरी निथळून जातं. होल्डर प्लास्टिकचे काढून सिरॅमिकचे घातले. बल्ब साधेच, नवीन ६०/५५ वॅटचे, काचेला बोट न लावता कागदाने धरून, कारण हाताचं तेल लागलं की काच तिथे जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. मित्र १००/९० घाल म्हणून मागे लागला होता, आता वायर जाड आहे तर घाबरतोस कशाला म्हणे. पण तो नियमात बसत नाही आणि त्या उष्णतेने रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो, तो गेला की मग कुठलाही बल्ब घाला, काजवेच. नको म्हटलं. सगळा खर्च हजाराच्या आतबाहेर झाला, किटचा आकडा इथे लिहीत नाही, बायको वाचते.

संध्याकाळी मोजलं. बल्बच्या पिनांवर १३.६. हिशोबाने उजेड आधीच्या पावणेदोन पटीच्या जवळ, डोळ्यांना त्याहून जास्त वाटला, पण डोळे माझे होते आणि दिवसभराची मेहनत पण माझीच.

मग गाडी शाळेच्या मैदानात नेली, जमीन सपाट आणि समोर पांढरी भिंत. साडेसात मीटरवर उभी केली, ड्रायव्हरच्या सीटवर भाच्याला बसवलं, लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारली आणि डिपरची वरची कड तिच्याखाली सात-आठ सेंटिमीटर येईपर्यंत मागचे स्क्रू फिरवले. आणि तेव्हा ती कड दिसली. वर काळोख, खाली उजेड, मधे सरळ रेघ, आणि डावीकडे तीच रेघ थोडी वर चढत गेलेली, म्हणजे आपल्या बाजूच्या कडेची माणसं, गुरं आणि पाट्या लांबून दिसाव्यात आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये. पंधरा वर्षं ह्या गाडीच्या काचेत हे कोरलेलं होतं आणि मी कधी बघितलंच नव्हतं. बराच वेळ तिथेच उभा होतो, भाचा आतून हॉर्न वाजवत होता, त्याला क्रिकेटला जायचं होतं.

काचा पिवळ्या पडलेल्या, त्या पुढच्या रविवारी १००० आणि मग २००० च्या पाण्याच्या पॉलिश पेपरने घासल्या, त्यानेही फरक पडला, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही, हात दुखतात एवढंच.

त्यानंतर दोनदा चोर्ल्यातून आलोय, एकदा चांगल्या पावसात. दरीच्या बाजूचा कठडा दिसतो, खड्डा खड्डा म्हणून दिसतो, आणि समोरून कोणी डिपर मारत नाही. धुक्यात मात्र अजून हळूच, तिथे कुठलाच लाइट चालत नाही. आई मागे बसते, पिशव्या भरल्या की गाडी मागून दबते आणि लाइट थोडे वर जातात, म्हणून आता जड पिशव्या आईच्या पायाशी नाही तर पुढच्या सीटखाली, यावर घरात भांडण झालंय. किट खोक्यात माळ्यावर आहे, भाचा बाइकला घालतो म्हणून मागतोय, त्याला उंदरांनी खाल्लं असं सांगितलंय. परवा बॉनेट उघडलं तर अर्थिंगच्या बोल्टवर व्हॅसलिनच्या कडेने परत थोडं हिरवं दिसायला लागलंय, मे संपायच्या आत तो एकदा उघडून साफ करायचाय.